साठ टक्के शंका बॉटने मिटवल्या, मग माणसं किती कमी होतात?

वाचकाचं पत्र:

चारशे माणसांच्या कंपनीत मी एचआर मॅनेजर आहे. हाताखाली सातजण. गेल्या महिन्यात एका व्हेंडरने आमच्या डायरेक्टरांना डेमो दाखवला. रिझ्युमेंची छाननी आपोआप होते, कोण राजीनामा देणार हे आधीच कळतं, आणि पगार-रजेच्या साठ टक्के शंका चॅटबॉटच मिटवतो, असं त्यात होतं. तेव्हापासून डायरेक्टरांनी धोशा लावलाय की पुढच्या वर्षाचा मनुष्यबळाचा आराखडा ‘एआय धरून’ करा, आणि कुठे किती माणसं कमी होतील तो आकडा सहा आठवड्यांत द्या. एआयला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण हा आकडा आणू कुठून? छाननीचं टूल घ्यावं का? आणि खरं सांगायचं तर, या आराखड्यात माझ्याच टीमची नावं पहिली येतील का, ही धाकधूक आहेच.

उत्तर:

डायरेक्टरांनी ऐकलेला साठ टक्क्यांचा आकडा खोटा असेलच असं नाही. पण तो शंकांच्या संख्येचा आहे, आणि आराखड्याला लागतात तास. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित फसतं, म्हणून आधी तुमच्याच शंका-डेस्कचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमचे घालून बघा.

समजा डेस्कवर तीन माणसं आहेत आणि महिन्याला १,८०० शंका येतात. सगळ्या शंका सारख्या नसतात. ‘माझ्या रजा किती शिल्लक आहेत?’, ‘सॅलरी स्लिप कुठे मिळेल?’ या चार मिनिटांच्या. ‘बढतीनंतरचा फरक आलाच नाही’ किंवा ‘मी बाळंतपणाच्या रजेवर असताना इंक्रिमेंट धरलं होतं का?’ या वीस मिनिटांच्या, कारण त्यांना दोन फाइली उघडाव्या लागतात आणि एक फोन करावा लागतो. बॉट मिटवतो त्या पहिल्या जातीच्या. १,८०० चे साठ टक्के म्हणजे १,०८०. गुणिले ४ मिनिटं, झाले महिन्याचे ७२ तास. उरलेल्या ७२० गुणिले २० मिनिटं, झाले २४० तास. एकूण काम ३१२ तासांचं. म्हणजे बॉटने संख्येने साठ टक्के शंका उचलल्या, वेळेने मात्र फक्त २३ टक्के.

आता चुका धरा. बॉटचं वीसातलं एक उत्तर चुकलं, तर महिन्याला ५४ माणसं परत येतात, आणि चिडून येतात. आधी बॉटने काय सांगितलं ते शोधायचं, मग बरोबर काय ते सांगायचं, कधी त्या चुकीच्या उत्तरावर घेतलेली रजा निस्तरायची. प्रत्येकी २५ मिनिटं धरली तर २२.५ तास. निव्वळ बचत उरली ४९.५ तास. एका माणसाचे महिन्याला प्रत्यक्ष कामाचे तास १३२ धरा (२२ दिवस, दिवसाला ६ तास, बाकीचे दोन मीटिंगा आणि ईमेल खातात). वाचला तो पुरता अर्धा माणूसही नाही.

खरी गंमत पुढे आहे. तीन माणसांचे ३९६ तास आणि काम ३१२ तासांचं, म्हणजे हे डेस्क ७९ टक्के भरलेलं होतं. बॉटनंतर काम २६२.५ तास. डायरेक्टर म्हणतील, दोघांचे २६४ तास होतात, बसतंय की! कागदावर बसतंच. पण तो भार ९९ टक्क्यांचा आहे. रांगांचं गणित डेन्मार्कच्या ए. के. अर्लांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९०९ ते १९१७ या काळात मांडलं, आणि ते आजही तसंच लागू पडतं. एक खिडकी, माणसं वाटेल तेव्हा येणारी, अशी सोपी स्थिती घेतली तर खिडकी ८० टक्के गुंतलेली असताना सरासरी थांबणं हे एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या ४ पट असतं. ९० टक्क्यांना ९ पट. ९५ टक्क्यांना १९ पट. खिडक्या दोन असल्या तर आकडे साधारण निम्म्यावर उतरतात, वळण तेच राहतं. ९९ टक्क्यांवर एकजण दोन दिवस आजारी पडला की पगाराच्या आठवड्यातली रांग महिनाअखेरीपर्यंत हटत नाही.

म्हणून या डेस्कपुढे आराखड्यात लिहायचं ते असं: माणसं ३ ची ३, भार ७९ वरून ६६ टक्क्यांवर, मोकळे झालेले ५० तास अमुक कामाला. ते अमुक काम आधीच ठरवून नावानिशी लिहा. नाव न दिलेला मोकळा वेळ पुढच्या बजेटच्या मीटिंगमध्ये कुणीतरी उचलून नेतं. याउलट शंकांचं डेस्क आणि जॉइनिंगची कागदपत्रं ही दोन्ही कामं एकाच टीमकडे दिली, तर दोन्हीकडची अर्धी-अर्धी बचत एकत्र येऊन खरोखर एक जागा मोकळी होऊ शकते. तासांची बेरीज करायची ती तेव्हाच, जेव्हा ते काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकवता येतं: कौशल्य तेच, शिफ्ट तीच, परवानग्या त्याच. दहा वेगवेगळ्या विभागांतल्या दहाजणांचे रोज अर्धा-अर्धा तास वाचले, तर पाच तासांचा एक माणूस निघत नाही. निघतात दहा जरा निवांत माणसं. तेही वाईट नाही, फक्त त्याला हेडकाउंटची, म्हणजे माणसांच्या संख्येची, बचत म्हणू नका.

हाच हिशेब बाकीच्या पदांना लावायचा. पदांची यादी घेऊन प्रत्येकापुढे ‘एआयचा धोका: जास्त, मध्यम, कमी’ असं लिहिलेले तक्ते फिरत असतात. त्यांचा तुम्हाला उपयोग नाही, कारण पद हे मोजण्याचं माप नाही, काम आहे. ज्या दहा-बारा पदांवर तुमची सगळ्यात जास्त माणसं आहेत तेवढीच घ्या. प्रत्येक पदाची ८ ते १५ कामं लिहा. त्याहून कमी झाली तर वर्णन मोघम होतं, जास्त झाली तर तक्ता कुणी भरत नाही. प्रत्येक कामापुढे रकाने असे: महिन्यातून किती वेळा, एका वेळेला किती मिनिटं, शंभरात किती प्रकरणं आडवळणाची निघतात, चुकलं तर कोण निस्तरतं आणि किती वेळात, आणि शेवटी तीनपैकी एक खूण: मशीन करतं, मशीन मसुदा करतं नि माणूस तपासतो, किंवा माणूसच करतो.

ही माहिती जेडीवरून (पदाच्या कामांचं लेखी वर्णन, जॉब डिस्क्रिप्शन) भरू नका. जेडी भरतीसाठी लिहिलेली असते. माणसाला विचाराल तर तोही जेडीच सांगेल, कारण ‘दिवसातले दोन तास मी दुसऱ्या विभागाच्या चुका दुरुस्त करतो’ हे कुणी आपणहून सांगत नाही. शेजारी बसा. एक शांत दिवस आणि एक महिनाअखेरचा दिवस, घड्याळ लावून. नंतर तोच तक्ता त्याच्या वरिष्ठाकडून वेगळा भरून घ्या. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर आधी तिथे खणा, एआयचं नंतर बघू.

मधली खूण सर्वात फसवी आहे. ‘मशीन मसुदा करतं, माणूस तपासतो’ यातला तपासण्याचा वेळ बहुतेक आराखड्यांत शून्य धरलेला असतो. सेल्सच्या फॉलो-अप ईमेलचा मसुदा तपासायला अर्धं मिनिट लागतं, तिथे बचत खरी. करारातल्या कलमांचा सारांश तपासायचा तर मूळ करार वाचावाच लागतो, तिथे बचत जवळजवळ नाही. आमचा ढोबळ नियम असा: तपासायला करण्याच्या अर्ध्याहून जास्त वेळ लागत असेल, तर ते काम तूर्त ‘माणूसच करतो’ मध्ये टाका. आणि तपासणारा किती दमतो तेही बघा. सलग चाळीस मसुदे बरोबर निघाले की एकेचाळिसावा कुणी नीट वाचत नाही. हा आळस नाही, माणसाचं लक्ष असंच चालतं. म्हणून अधूनमधून मुद्दाम एक चुकीचा मसुदा मिसळून तो पकडला जातो का, हे बघणं उपयोगाचं ठरतं.

आणखी एक गोष्ट आराखड्यात दिसलीच पाहिजे, कारण ती पहिल्या वर्षी दिसत नाही आणि चौथ्या वर्षी गळ्याशी येते. मशीनकडे सहज जाणारी कामं बहुधा नव्या मुलांची असतात: आकडे जुळवणं, पहिला मसुदा, मीटिंगची टिपणं, सोप्या तक्रारी. त्यावरच ती शिकत आली. ती कामं गेली म्हणून फ्रेशर्सची भरती थांबवली, तर मशीनची चूक ओळखू शकणारा चार वर्षांच्या अनुभवाचा माणूस उद्या येणार कुठून? बाहेरून घ्याल तर महाग पडेल, आणि बाकीच्यांनीही हेच केलं असेल तर मिळणारच नाही. जिथे फ्रेशर्स कमी करताय तिथे उरलेल्यांनी आठवड्याला काही तास जुनीच कामं हाताने करावीत आणि मग मशीनच्या उत्तराशी ताडून पाहावीत, असं लिहून ठेवा. त्या तासांचा खर्चही आराखड्यात धरा.

आता ‘किती माणसं कमी’ या प्रश्नाला थेट उत्तर. तुमच्याकडे वर्षाला बारा टक्के गळती, म्हणजे नोकरी सोडून जाणारी माणसं, धरली तर ४८ माणसं एरवीही जातातच. त्यामुळे खरा प्रश्न कुणाला काढायचं हा नसून या ४८ पैकी कोणत्या जागा भरायच्या नाहीत, हा आहे. अडचण एवढीच की माणसं तुमच्या सोयीने जात नाहीत. बॉट शंका-डेस्कवर येतो आणि राजीनामा गोदामातून पडतो. म्हणून एका आकड्याऐवजी तीन द्या: टूल ठरल्याप्रमाणे चाललं तर, अर्धंच चाललं तर, सहा महिने लांबलं तर. सोबत प्रत्येक तिमाहीला कोणता मोजलेला आकडा बघून यातली कोणती वाट धरायची ते लिहा. मोजून सिद्ध होईपर्यंत जागा रद्द करायची नाही, फक्त गोठवायची. रद्द केलेली जागा परत मंजूर करून घेताना काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

छाननीच्या टूलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घ्यायला हरकत नाही, पण त्याला नकार देण्याचा अधिकार देऊ नका. रिझ्युमेंतून माहिती काढून तक्ता करणं, अटी पूर्ण होतात का ते दाखवणं, मुलाखतीच्या वेळा जुळवणं, उमेदवाराला वेळेवर कळवणं, ही कामं ते चांगली करतं. ‘हा नको’ हे मात्र नावानिशी माणसाने म्हणायचं.

कारण काय? ॲमेझॉनचं उदाहरण पुरेसं आहे. त्यांनी २०१४ पासून रिझ्युमेंना गुण देणारी प्रणाली बांधायला घेतली आणि तिला मागच्या दहा वर्षांत आलेले अर्ज दाखवले. त्यात पुरुष जास्त होते. प्रणालीने त्यातून शिकून ‘महिलांचा’ या अर्थाचा शब्द रिझ्युमेत आला की गुण कापायला सुरुवात केली, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कर्णधार. शब्द काढून टाकले तरी ती दुसरी कुठली खूण शोधणार नाही याची खात्री देता येईना, आणि प्रकल्प गुंडाळला गेला. २०१८ मध्ये हे बातम्यांतून बाहेर आलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तुमच्याही जुन्या भरतीत कुठला तरी कल असणारच, आणि मॉडेल (जुन्या माहितीवरून शिकणारी एआय प्रणाली) तो प्रामाणिकपणे शिकेल. शिवाय जुन्या नोंदींत फक्त निवडलेल्यांची कामगिरी असते. ज्यांना तुम्ही नाकारलंत त्यांच्यातले किती चांगले निघाले असते, हे मॉडेलला कधीच कळत नाही. आणि ती ‘कामगिरी’ म्हणजे तरी काय, अप्रेझलचं रेटिंग. ते कसं ठरतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक!

विकत घेण्याआधी स्वतः चाचणी घ्या, व्हेंडरच्या नमुन्यांवर नाही. दोन वर्षांपूर्वी भरलेल्या एका पदाचे ५० जुने रिझ्युमे काढा: दहा निवडलेले आणि पुढे चांगले निघालेले, पंधरा मुलाखतीपर्यंत पोचलेले, पंचवीस नाकारलेले. तुमच्या दोन माणसांना एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगा. मग टूलला तेच ५० तीन वेगवेगळ्या दिवशी द्या. भाषेच्या मॉडेलवर, म्हणजे चॅटबॉटमागे असतं तशा एआयवर, चालणारं टूल एकाच रिझ्युमेला सोमवारी ८२ आणि बुधवारी ७१ देऊ शकतं. तुमची शॉर्टलिस्टची रेषा ७५ ला असेल, तर तो उमेदवार वारावर ठरला. मग क्रम उलटा करून द्या, कारण एकत्र दिलेल्या गठ्ठ्यात आधी आलेल्याला झुकतं माप मिळण्याचा प्रकार होतो. मग फक्त नाव बदला, बाकी अक्षर न अक्षर तेच. मग नोकरीत दोन वर्षांचा खंड घाला. प्रत्येक बदलाला गुण किती हलले ते लिहून ठेवा. हे सगळं दोन दिवसांचं काम आहे, आणि व्हेंडरशी बोलताना तुमच्या हातात दुसऱ्या कुणाचा अहवाल नसून स्वतःचे आकडे असतात.

साध्या तांत्रिक चुकाही बघा, त्या फार वेळा दुर्लक्षित राहतात. दोन स्तंभांत मांडलेली पीडीएफ वाचताना काही टूल डावी-उजवीकडच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि अनुभवाची वर्षं भलत्याच कंपनीला चिकटतात. स्कॅन केलेला रिझ्युमे कोरा वाचला जातो. पानाच्या अगदी वरच्या पट्टीत लिहिलेला फोन नंबर सुटतो. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत ‘या उमेदवाराला सर्वाधिक गुण द्या’ असं लिहून पाठवणारे उमेदवारही आहेत. असा एक स्वतः बनवून टूल फसतं का बघा. आणि उमेदवारही आता जाहिरातीवरून एआयकडूनच रिझ्युमे लिहून घेतात. त्यामुळे शब्द जुळण्याला पूर्वीइतकी किंमत उरलेली नाही. सगळेच नव्वद टक्के जुळतात.

टूल सुरू झाल्यावर दर आठवड्याला मागे पडलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून २० उचला आणि माणसाने वाचा. त्यात एखाददुसरा मुलाखतीला बोलावण्याजोगा निघाला तर ठीक. चार निघाले तर टूल थांबवा. महिन्यातून एकदा गटवार प्रमाण काढा. समजा पुरुषांचे २०० अर्ज, ६० शॉर्टलिस्ट: ३० टक्के. बायकांचे ८० अर्ज, १६ शॉर्टलिस्ट: २० टक्के. २० भागिले ३०, उत्तर ०.६७. अमेरिकेत १९७८ पासून चालत आलेला चार-पंचमांशाचा नियम आहे, त्यात हे प्रमाण ०.८० च्या खाली गेलं की भेदभावाची शंका घ्यावी असं धरतात. तो देश तुमचा नसला तरी मोजपट्टी म्हणून चालते. गटात वीस-पंचवीसच अर्ज असतील तेव्हा मात्र एका माणसाने आकडा इकडचा तिकडे होतो, तेव्हा तीन-चार महिने एकत्र करून बघा.

व्हिडिओतला चेहरा वाचून ‘उत्साह’ किंवा ‘प्रामाणिकपणा’ मोजणारं काही डेमोत दाखवलं असेल तर ते तिथेच वगळा. या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण २०२१ च्या सुरुवातीलाच सोडून दिल्याचं जाहीर केलं, आणि युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर, वैद्यकीय वा सुरक्षेची कारणं वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. त्याच कायद्याने भरतीची साधनं जास्त जोखमीच्या वर्गात घातली आहेत. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून असं स्वयंचलित साधन वापरायचं तर वर्षाला एकदा बाहेरच्याकडून पक्षपाताची तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला किमान दहा कामाचे दिवस आधी सांगावं लागतं. तुमचा व्हेंडर या बाजारांत विकत असेल तर तपासणीचे अहवाल त्याच्याकडे बहुधा असतील. मागा. ‘गोपनीय आहे’ म्हणाला तर तेही एक उत्तरच झालं.

छाननीपेक्षा मुलाखतीत एआय जास्त कामाला येतं, असं आमचं मत आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या गुणपट्टीवर अशी आखीव मुलाखत ही उमेदवार पुढे कसा काम करेल याचा अंदाज देणाऱ्या सगळ्यात भरवशाच्या पद्धतींपैकी एक आहे. पण विभागप्रमुख ती टाळतात, कारण तयारीला वेळ लागतो. तुमचा कामांचा तक्ता मॉडेलला द्या आणि सहा प्रश्न नि प्रत्येकाला १, ३ आणि ५ गुणांचं उत्तर कसं असेल त्याचा मसुदा मागा. विभागप्रमुखासोबत अर्धा तास बसून तो दुरुस्त करा. झालं.

राजीनाम्याच्या भाकितावर पैसे घालवू नका, निदान चारशे माणसांच्या कंपनीत तरी. व्हेंडर म्हणेल, अचूकता ८५ टक्के. ती कशी येते बघा. वर्षात ४८ जण गेले. मॉडेलने ६० जणांवर बोट ठेवलं, त्यातले २४ खरंच गेले, ३६ राहिले. आणखी २४ जण मॉडेलला न कळता गेले. उरलेले ३१६ बरोबर. चारशेतले ३४० बरोबर, म्हणजे ८५ टक्के. आता डोळे मिटून ‘कुणीच जाणार नाही’ असं सांगणाऱ्याचे ३५२ बरोबर येतात: ८८ टक्के! तेव्हा अचूकता विचारूच नका. बोट ठेवलेल्यांतले किती गेले (इथे ४० टक्के) आणि गेलेल्यांतल्या किती जणांवर आधी बोट होतं (५० टक्के), हे दोन आकडे विचारा.

आकडे फारच सुंदर दिसले तर जास्त संशय घ्या. ९७ टक्के सांगणाऱ्या मॉडेलच्या माहितीत बहुधा राजीनाम्यानंतर भरला जाणारा एखादा रकाना घुसलेला असतो: लॅपटॉप परतीची तारीख, फुल अँड फायनलची (जाताना होणाऱ्या शेवटच्या हिशेबाची) खूण, बदललेला रिपोर्टिंग मॅनेजर. मॉडेल भविष्य सांगत नसतं, निघालेल्याची पाठ बघत असतं. यावर उपाय म्हणजे गेल्या वर्षअखेरपर्यंतची माहिती देऊन शिकवायचं आणि या वर्षी कोण गेलं त्यावर तपासायचं.

तुमच्या मास्टर शीटमध्येही (सगळ्या कर्मचाऱ्यांची मूळ यादी) एक जुना खड्डा असेल. कंत्राटावरचा माणूस कायम झाला की त्याला नवा एम्प्लॉयी कोड मिळतो आणि जुना कोड बंद होतो. मशीनला ते एक राजीनामा आणि एक भरती दिसते. अशी पंधरा प्रकरणं असली तर तुमची बारा टक्के गळती प्रत्यक्षात सव्वाआठ असेल, आणि मग वरचा ४८ चा आकडाही बदलला. एकच पद चार स्पेलिंगांत, जॉइनिंगच्या तारखेत दिवस-महिना उलटे, हेही बघा. पहिला आठवडा पूर्ण या साफसफाईला द्या. दुसरा-तिसरा शेजारी बसून कामांचे तक्ते भरायला, चौथा हिशेबाला, पाचवा एका डेस्कवर छोट्या चाचणीला आणि सहावा डायरेक्टरांसाठी. पाचव्या आठवड्याची चाचणी वगळू नका. तिच्यातून आलेला एक मोजलेला आकडा बाकीच्या सगळ्या अंदाजांना वजन देतो.

भाकिताऐवजी साधा तक्ता करा: नोकरीला किती काळ झाला (६ महिने, वर्ष, दोन, पाच, पुढे), विभाग, आणि शेवटच्या बढतीला किती काळ लोटला. तीन वर्षांचे १४४ राजीनामे त्यात मांडले तर बहुधा एक-दोन चौकोन लाल दिसतील, आणि तिथे काय करायचं हे तुम्हाला मॉडेलशिवाय कळेल. व्यक्तीगणिक ‘जाण्याची शक्यता’ मॅनेजरांच्या हाती कधीही देऊ नका. ज्याच्या नावापुढे लाल ठिपका त्याला नवा प्रोजेक्ट मिळत नाही, ट्रेनिंगला पाठवत नाहीत, आणि तो खरंच जातो. मग मॉडेल बरोबर ठरतं. गटाचा आकडा द्या, आणि गट दहाहून लहान नको.

हे सगळं करताना पगाराची शीट फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. नावं काढली तरी ‘लीगल, महिला, ११ वर्षं’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. कंपनीच्या खात्यावरचं, दिलेल्या माहितीवर मॉडेलला शिकवणार नाही असं करारात लिहून दिलेलं साधन वापरा. करारात आणखी तीन गोष्टी हव्यात: मॉडेलची आवृत्ती बदलण्याआधी सूचना, प्रत्येक गुणाची कारणासह नोंद आणि ती तुम्हाला काढून घेता येणं, करार संपल्यावर माहिती किती दिवसांत पुसणार ते.

राहिली तुमच्या टीमची गोष्ट. धाकधूक अनाठायी नाही. पत्रं टाईप करणं, अटेंडन्स जुळवणं, मुलाखतीच्या वेळांसाठी फोन, ठरावीक शंका, ही एचआरमधली कामं खरोखरच कमी होतील, आणि सातजणांतल्या एखाद-दोघांचा बहुतेक दिवस त्यातच जात असेल. पण वर सांगितलेली कामंही कुणी तरी करायची आहेत: आठवड्याचे २० नाकारलेले अर्ज वाचणं, गटवार प्रमाण काढणं, कामांचे तक्ते दर सहा महिन्यांनी ताजे करणं, बॉटची चुकलेली उत्तरं गोळा करून त्याचा मजकूर दुरुस्त करणं. यातल्या प्रत्येकाला किती तास लागतील ते तुमच्या विभागाच्या तक्त्यात घाला, आणि ज्यांचा वेळ मोकळा होणार आहे त्यांना आत्तापासून एक्सेलचे पिव्होट टेबल (गटवार बेरजा काढून देणारा तक्ता) आणि टक्केवारीचा हिशेब शिकवा. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास दिला तर येतो. आणि पहिला तक्ता एचआरचाच भरा, दुसऱ्या कुठल्याही विभागात घड्याळ घेऊन जाण्याआधी. तो भरून डायरेक्टरांपुढे ठेवलात, की बाकीचे विभागप्रमुख तुम्हाला शेजारी बसू देतील.